सम-विषम संख्या: या चुका टाळा

सोलापूरहून मुंबईला जाणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा क्रमांक १२११६ आहे आणि मुंबईहून येणाऱ्या गाडीचा १२११५. हे दोन्ही क्रमांक फळ्यावर लिहून त्यांतील सम कोणता असे विचारले, तर पाचवीतील मुलेही अडखळतात. १२११६ मध्ये तीन अंक विषम आणि दोनच सम, म्हणून ही संख्या विषम, असे एखादा सांगतो. दुसरा अंकांची बेरीज करतो, ती ११ येते आणि त्याचेही उत्तर चुकते. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ यांच्यासाठी आहे, ती येथे लावू नये. प्रत्येक दशकाच्या पाच जोड्या होतात, शतक आणि हजार हे तर दशकांचेच गठ्ठे, त्यामुळे एकटे कोणी उरलेच तर ते एकक स्थानीच उरते. म्हणून पाहायचा तो फक्त शेवटचा अंक.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील तेलुगू बोलणाऱ्या घरांत सम संख्येला ‘सरि’ आणि विषम संख्येला ‘बेसि’ म्हणतात. अशा घरातील मुलाला आधी घरचा शब्द आठवू द्यावा. त्याला संकल्पना बहुधा येत असते, अडतो तो पाठ्यपुस्तकातला शब्द.

सर्वाधिक गोंधळ गुणाकारात होतो. विषम अधिक विषम बरोबर सम, हे पाठ झालेले असते आणि मुले तोच नियम गुणाकाराला लावून ७ × ९ चे उत्तर सम यायला हवे असे ठरवतात. प्रत्यक्षात ते ६३ आहे. केवळ नियम दुरुस्त करून घेतल्यास तो पुन्हा विसरला जातो, म्हणून चादरींच्या जोड्या लावून पाहाव्यात. सात चादरींच्या तीन जोड्या होऊन एक चादर उरते; असे नऊ गठ्ठे असतील तर नऊ चादरी उरतील, त्या नऊंच्या चार जोड्या होतील आणि शेवटी पुन्हा एक उरेल. गठ्ठे आठ असते तर उरलेल्या आठही चादरींची जोडी लागली असती. म्हणूनच गुणाकारात एक जरी संख्या सम असली तरी उत्तर सम येते, आणि सर्व संख्या विषम असतील तेव्हाच ते विषम येते.

लांबलचक बेरजेत सम संख्यांकडे लक्षच देऊ नये, विषम संख्या किती आहेत तेवढे मोजावे. ३४७ + २८५ + ११९ + ७६ यांत विषम संख्या तीन आहेत, म्हणून बेरीज विषम यायला हवी, आणि ती ८२७ येते. मात्र या पडताळणीवर अवाजवी विसंबू नये. उत्तर ८२६ आले तर चूक नक्की पकडली जाईल, पण एककाचा हातचा विसरून ८०७ आले तर तेही विषमच असल्याने ती चूक निसटेल.

भागाकाराचा असा नियम बनवण्याचा मोह आवरावा. १२ ÷ ४ चे उत्तर ३, १६ ÷ ४ चे ४, आणि १० ला ४ ने निःशेष भाग जातच नाही.

मोजणीतील चूक मोठ्यांकडूनही होते. एका गाळ्यांच्या रांगेत ३७ ते ६१ क्रमांक असतील, तर ६१ मधून ३७ वजा करून २४ गाळे, त्यांतील १२ सम आणि १२ विषम, असा हिशेब सहज केला जातो. यात दोन चुका आहेत. दोन्ही टोके धरली तर गाळे २५ होतात, आणि दोन्ही टोके विषम असल्याने विषम क्रमांक १३ व सम १२ येतात. दोन्ही टोके सम असती तर सम क्रमांक एकाने जास्त भरले असते. एक टोक सम आणि दुसरे विषम असेल तेव्हाच दोहोंची संख्या सारखी असते.

१ + ३ + ५ = ९ म्हणजे ३ चा वर्ग, हा आकृतिबंध मुलांना फार आवडतो, आणि मग ५ + ७ + ९ मध्येही तीनच विषम संख्या आहेत म्हणून उत्तर ९ लिहिले जाते. खरी बेरीज २१ आहे. सुरुवात १ पासून असेल आणि मधली एकही विषम संख्या सुटली नसेल, तरच हा नियम चालतो.

विषम आणि मूळ संख्या यांचीही गल्लत नको: ९ आणि १५ विषम असूनही मूळ नाहीत, तर २ सम असूनही मूळ आहे.

राहिला शून्य. ‘त्यात काहीच नाही, मग तो सम कसा?’ हा प्रश्न मला चुकीच्या उत्तरापेक्षा अधिक मोलाचा वाटतो, म्हणून तो झटकून टाकू नये. शून्याला २ ने भागले की बाकी शून्य उरते, म्हणजे जोडीवाचून राहिलेले कोणीही नसते. शिवाय संख्यारेषेवर त्याच्या दोन्ही बाजूंना −१ आणि १ या विषम संख्या आहेत. शून्याला सम मानले नाही, तर ४०, ५० किंवा १०० या संख्याही सम ठरवता येणार नाहीत, कारण त्यांच्या एकक स्थानी तोच आहे.