शीट पाइलचे डिझाइन करताना या चुका टाळा

शीट पाइलची भिंत, म्हणजे पोलादी पट्ट्या एकमेकींत अडकवून जमिनीत ठोकलेली आणि माती-पाणी अडवणारी भिंत, गोत्यात आली की पहिला संशय पोलादावर जातो. सेक्शन (पाइलचा आडवा छेद) हलका घेतला असेल, ग्रेड कमी पडली असेल. पण पाइल वाकून भिंत गेली असे क्वचितच घडते. पायथ्याची माती निसटते, वेलरचा (भिंतीला लावलेल्या आडव्या तुळईचा) सांधा चिरडतो, टाय रॉड (भिंतीला मागे ओढून धरणारी सळई) तुटतो, नाहीतर मागे साचलेल्या पाण्याचा हिशेबच कुणी धरलेला नसतो. तरीही डिझाइनचा बराचसा वेळ बेंडिंग मोमेंट (भिंतीला वाकवणारा परिणाम) काढून कॅटलॉगमधून सेक्शन निवडण्यात जातो. खरे तर तो शेवटचा टप्पा आहे. त्याआधी बरेच काही बिघडून बसलेले असते.

पाणी

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. समजा ६ मीटर खोदाई आहे, मागे ३० अंश घर्षण कोनाची (कणांमधल्या घर्षणाचे माप) वाळू आहे आणि तिचे वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन. वाळू कोरडी असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे १०८ किलोन्यूटन ढकल येतो. आता पाणी वरपर्यंत चढले असे धरा. पाण्यात बुडलेल्या मातीचे परिणामी वजन १० च्या आसपास येते, त्यामुळे मातीचा ढकल ६० वर उतरतो. पण पाण्याचा स्वतःचा ढकल १७७ असतो. बेरीज २३७, म्हणजे दुपटीहून जास्त.

म्हणून मातीच्या तपासणीसाठी बोअर घेतला त्या दिवशीची भूजल पातळी डिझाइनला वापरू नये. उन्हाळ्यात घेतलेल्या बोअरमधले पाणी पावसाळ्यात किती वर येईल, शेजारची जलवाहिनी फुटली तर काय होईल, हे विचारात घ्यावेच लागते. बोअरमध्ये पिझोमीटर (भूजलाचा दाब मोजणारे उपकरण) बसवून काही महिने नोंदी घेणे हा सगळ्यात स्वस्त विमा. बंदराच्या किंवा नदीकाठच्या भिंतीत आणखी एक फसगत होते. दोन्ही बाजूंना पाणी सारखेच आहे असे धरून दाब एकमेकांत वजा केला जातो. ओहोटीला समोरचे पाणी झपाट्याने उतरते, मागच्या भरावातले मात्र रेंगाळते. तो फरक भिंतीवरच येतो. पाणी इंटरलॉकमधून (शेजारच्या पाइल एकमेकींत अडकतात त्या खाचांमधून) झिरपून जाईल या भरवशावर राहू नका, कारण गाळ बसला की लॉक काही काळाने बऱ्यापैकी बुजतात.

पाणी भिंतीला नुसते ढकलत नाही, तिच्या टोकाखालून वळून खड्ड्यातही येते. वाळूत वर येणाऱ्या प्रवाहाचा ग्रेडियंट (दर मीटर वाटेला पाण्याच्या पातळीत पडणारा फरक) १ च्या जवळ गेला की कणांचे वजन संपते आणि तळ उकळू लागतो. मोमेंटसाठी ३ मीटर रुतवण (खोदाईच्या तळाखाली गाडलेली लांबी) पुरेशी दिसते, पण पायपिंग (पाण्याबरोबर माती वाहून जाणे) टाळायला ५ मीटर लागते, असे प्रकरण अजिबात दुर्मिळ नाही. रुतवण ठरवताना ही तपासणी वेगळी करा आणि दोन्हींतली मोठी लांबी घ्या.

चिकणमातीचा तळ असेल तर निर्धास्त होऊ नका. तळाखाली ३ मीटर चिकणमाती आहे, म्हणजे दर चौरस मीटरला ५४ किलोन्यूटन वजन. तिच्याखालच्या वाळूत पाण्याचा दाब ६ मीटर उंचीचा असेल तर तो ५९ होतो. तळ वर उचलला जाणार. बोअर खोदाईच्या तळापाशीच थांबवला असेल तर ती वाळू कुणाला दिसतच नाही. पाइलच्या टोकाच्या बरेच खाली जाणारा बोअर मागा.

मऊ चिकणमाती आणि तिची उसनी ताकद

अनड्रेन्ड ताकद (आतले पाणी निघून जायला वेळ न मिळालेल्या मातीची ताकद) ३० किलोपास्कल असली तर सूत्राप्रमाणे वरच्या ३.३ मीटरपर्यंत भिंतीवर दाबच येत नाही. आकडा गोड आहे, पण माती भिंतीपासून सुटून तडा जातो आणि त्या तड्यात पाणी भरते. म्हणून ब्रिटिश पद्धतीत खोलीच्या दर मीटरला किमान ५ किलोपास्कल द्रवासारखा दाब धरण्याची रीत आहे. तड्यात पाणी जाण्याची शक्यता असेल तर पूर्ण पाण्याचा दाब धरा. खोदाई काही आठवड्यांपुरती असेल तर अनड्रेन्ड ताकद चालते. खड्डा महिनोन्‌महिने उघडा राहणार असेल तर ड्रेन्ड (पाण्याला निघून जायला वेळ मिळाल्यानंतरचा) हिशेबही करावा लागतो, आणि तो बहुधा जास्त कडक निघतो.

मऊ चिकणमातीत तळ फुगून वर येण्याची तपासणीही स्वतंत्र करायची असते. अशा ठिकाणी नुसता जाड सेक्शन घेऊन तळ वाचत नाही. भिंत खालच्या टणक थरात पोहोचली तरच फरक पडतो.

पायथ्याच्या मातीवर नको तितका विश्वास

पॅसिव्ह रोध (पायथ्यासमोरच्या मातीचा प्रतिकार) हा भिंतीचा मुख्य आधार आणि त्यावरच सर्वांत जास्त उधारी काढली जाते. घर्षण कोन ३५ अंश आणि भिंतीचे घर्षण त्याच्या दोन-तृतीयांश धरले तर मातीच्या दाबाच्या कूलोंबच्या सूत्रातून पॅसिव्ह गुणांक १० च्या जवळ निघतो. रँकिनच्या सूत्राने तोच ३.७ येतो. कूलोंब माती सरळ प्रतलावर सरकते असे गृहीत धरतो आणि घर्षण जास्त असले की उत्तर फुगते. लॉग स्पायरल (माती वक्र पृष्ठावर सरकते असे धरणाऱ्या) पद्धतीने काढलेली किंमत त्याहून कमी असते, ती वापरा. शिवाय ते घर्षण खरोखर मिळते का, हे उभ्या बलांचा समतोल मांडून पाहा. भिंत हलकी असेल आणि वरून खाली दाबणारे काही नसेल तर एवढे घर्षण जमतच नाही.

खोदाई ठरल्यापेक्षा खोल जाते, हे तर सगळेच जाणतात. यूरोकोड ७ (युरोपची जमिनीतल्या कामांची डिझाइन संहिता) यासाठी मोकळ्या भिंतीला उंचीच्या १० टक्के आणि आधारलेल्या भिंतीला सर्वांत खालच्या आधारापासून तळापर्यंतच्या अंतराच्या १० टक्के जादा खोली धरायला सांगतो, कमाल मर्यादा अर्धा मीटर. कँटिलिव्हर (वर आधार नसलेल्या मोकळ्या) भिंतीत मोमेंट उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि डिफ्लेक्शन (भिंतीचे झुकणे) साधारण पाचव्या घाताच्या. ४ मीटरऐवजी ४.५ मीटर खोदले तर मोमेंट ४२ टक्क्यांनी आणि डिफ्लेक्शन ८० टक्क्यांनी वाढते. जेसीबीच्या बकेटला एवढा अर्धा मीटर दोन मिनिटांचा खेळ. पाइपसाठी भिंतीच्या पायाशी चर खणला जाणार असेल तर तो आधीच हिशेबात घ्या, नंतर साइटवर भांडत बसू नका.

उलट दिशेची चूकही होते. एकाच हिशेबात मातीची ताकद कमी धरायची, पॅसिव्ह रोधाला २ ने भागायचे आणि शेवटी रुतवण आणखी ३० टक्क्यांनी वाढवायची. ही सुरक्षा नव्हे, गोंधळ आहे. एक पद्धत निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

इंटरलॉक कुठे आहे?

ब्रेमेनचे अभियंते त्रिग्वे लार्सेन यांनी १९०२ मध्ये यू आकाराच्या पाइलची कल्पना पुढे आणली आणि हा आकार जगभर पसरला. त्यात एक मेख आहे. यू पाइलचे लॉक भिंतीच्या बरोबर मध्यअक्षावर येतात, आणि वाकताना शीअर (सरकवणारा ताण) तिथेच सर्वाधिक असतो. लॉक सरकले तर दोन पाइल एकत्र काम न करता आपापली वाकतात. अगदी वाईट स्थितीत सेक्शन मॉड्युलस (वाकण्याविरुद्धच्या ताकदीचे माप) निम्म्याहून खाली जातो आणि इनर्शिया (ताठरतेचे माप) साधारण एक-तृतीयांशावर येतो. कॅटलॉगमधला आकडा पूर्ण शीअर वाहून नेला जातो असे समजून दिलेला असतो. यूरोकोड ३ (पोलादी बांधकामाची संहिता) च्या पाचव्या भागात यासाठी ताकद आणि ताठरता कमी करणारे गुणक आहेत. ते विसरले जातात, विशेषतः मोकळ्या कँटिलिव्हरमध्ये, पाण्यातल्या कामात, आणि लॉकमध्ये सीलंट भरलेला असताना, जेव्हा त्यांची सर्वांत जास्त गरज असते. उपाय म्हणजे लॉक कारखान्यात दाबून जोडलेल्या जोड्या मागवणे किंवा माथ्यावर वेल्डिंग करणे.

झेड पाइलमध्ये लॉक बाहेरच्या कडेला असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. म्हणून वाकण्याच्या कामाला मी झेडकडे झुकतो. मात्र एकेरी झेड ठोकताना पिळते, तेव्हा ती जोडीनेच घ्यावी लागते.

कॅटलॉग वाचताना मॉड्युलस एका पाइलचा दिला आहे की भिंतीच्या दर मीटरचा, हेही पाहा. चूक पोरकट वाटते, पण होते. आणि सपाट पट्टीच्या पाइलला वाकण्याची ताकद जवळपास नसते. ती गोलाकार सेलच्या (पाइलचे वर्तुळ करून आत भराव टाकण्याच्या) कामासाठी, लॉकमधल्या ताणावर चालते.

गंज कुठे आणि मोमेंट कुठे

सगळ्या उंचीवर एकसारखा गंज धरणे सोपे पण चुकीचे. यूरोकोडमध्ये ५० वर्षांसाठी मूळ न हललेल्या जमिनीत ०.६ मिमी घट दिली आहे, समशीतोष्ण हवामानातल्या समुद्राच्या शिंतोड्यांच्या पट्ट्यात ३.७५ मिमी आणि कायम बुडालेल्या भागात १.७५ मिमी. उष्ण समुद्रात हे आकडे तसेच उचलू नका, तिथली मोजमापे शोधा. सर्वाधिक मोमेंट जिथे येतो तिथला गंज मोजा आणि त्या जाडीवर तपासणी करा. वापरलेल्या पाइल भाड्याने आणल्या असतील तर कॅलिपर किंवा अल्ट्रासॉनिक मीटरने जाडी घ्या, पावतीवरच्या नावावर जाऊ नका.

वेलर, स्ट्रट आणि कामाचा क्रम

सिंगापूरमध्ये २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेजवळची खोल खोदाई कोसळली आणि चार जणांचा जीव गेला. तिथली भिंत डायफ्राम वॉल (जमिनीत ओतलेली काँक्रीटची भिंत) होती, शीट पाइल नव्हे. पण धडा आपल्यालाही तितकाच लागू पडतो. चौकशीत दोन गोष्टी ठळक निघाल्या. स्ट्रट (भिंतीला खड्ड्याच्या आतून दिलेला आडवा टेकू) आणि वेलर यांच्या सांध्याचे डिझाइन कमी पडले होते, आणि संगणकावरच्या मॉडेलने मऊ चिकणमातीची ताकद वाढवून दाखवली होती. कोसळण्याची सुरुवात एका सांध्यापासून झाली.

म्हणून स्ट्रट जिथे टेकतो तिथे वेलरच्या वेबला (मधल्या पट्टीला) स्टिफनर (मजबुतीची प्लेट) हवाच. पाइल आणि वेलर यांच्यामधली पोकळी लाकडी खुंट्यांनी नव्हे, पोलादी प्लेटने किंवा काँक्रीटने भरा. एक स्ट्रट निकामी झाला तर शेजारचे तग धरतील का, हेही पाहा. डेडमॅन अँकर (टाय रॉड मागे धरून ठेवणारा गाडलेला ठोकळा) ॲक्टिव्ह मातीच्या, म्हणजे भिंतीकडे सरकू पाहणाऱ्या मातीच्या, पाचरीबाहेर असावा. टाय रॉडखालचा भराव खचला की रॉड लोंबून त्यात वाकण्याचा ताण येतो, अशा जागी दोन्ही टोकांना बिजागरी सांधे द्या.

सर्वांत मोठा मोमेंट शेवटच्या खोलीलाच येतो असे नाही. पहिला स्ट्रट बसण्याआधीची मोकळी भिंत किंवा राफ्ट (तळाचा काँक्रीट स्लॅब) झाल्यावर खालचा स्ट्रट काढतानाची अवस्था जास्त वाईट असू शकते. प्रत्येक टप्पा वेगळा मांडा. शेजारी जुनी इमारत असेल तर ताकदीपेक्षा हालचालच डिझाइन ठरवते, आणि पहिला आधार उशिरा बसवल्याने झालेली हालचाल नंतर कशानेही परत येत नाही. कडेला उभ्या क्रेनचा भारही टप्प्यानुसार धरा, सरसकट १० किलोपास्कल पुरत नाही.

ठोकताना बिनसले तर

मोमेंटला पुरणारा सेक्शन घट्ट वाळूत किंवा गोट्यांत जाईलच असे नाही. एसपीटी (मातीचा घट्टपणा मोजणाऱ्या चाचणीतले ठोके) ५० च्या वर असेल तर ठोकण्यासाठी जाड सेक्शन किंवा आधी छिद्र पाडणे हे डिझाइनमध्येच ठरवा. पाण्याच्या झोताने माती सैल करायची असेल तर पायथ्याचा रोध कमी होतो, तो हिशेबात दिसला पाहिजे.

पाइल जायची थांबली तर हातोडा चालूच ठेवू नका. टोक दुमडते किंवा लॉक सुटतो, आणि वरून काही कळत नाही. अडलेली पाइल अचानक सहज जाऊ लागली तर आनंद मानू नका, लॉक सुटल्याचा संशय घ्या. भिंत ठोकण्याच्या दिशेने कलू लागली असेल तर कारण बहुधा एकाच कडेच्या लॉकमधले घर्षण असते. दोन पातळ्यांवर गाइड लावून पाइल एका ओळीत उभ्या करा आणि आळीपाळीने थोड्या थोड्या खाली न्या. एकेक पाइल पूर्ण ठोकत गेलात तर कल वाढतच जातो. पुढच्या लॉकच्या खालच्या तोंडाशी बोल्ट घट्ट बसवला तर आत माती कोंबली जात नाही. दोन पाइलमधला कोन ५ अंशांच्या वर नेऊ नका. त्याहून वळण हवे असेल तर कोपऱ्याची वेगळी पाइल मागवा.

खड्ड्यात लॉकमधून पाणी येत असेल आणि बाहेर मोकळे पाणी असेल तर बाहेरून बारीक राख किंवा लाकडाचा भुसा सोडा. प्रवाहाबरोबर तो लॉकमध्ये जाऊन बसतो. पाण्याबरोबर वाळूही येत असेल तर मात्र ही गळती नाही, लॉक सुटला आहे किंवा टोकाखालून माती वाहते आहे. तळाला उकळी फुटलेली दिसली तर सगळ्यात घातक प्रतिक्रिया म्हणजे आणखी एक पंप लावणे. खड्ड्यात पाणी वाढू द्या, उकळीवर जाड वाळू आणि खडीचे फिल्टर टाका, मग बाहेरची पाणीपातळी उतरवण्याचा विचार करा.

काम संपल्यावर पाइल उपसणे हाही डिझाइनचाच भाग आहे. व्हायब्रोने (कंप देणाऱ्या यंत्राने) काढताना सैल वाळू बसते, चिकणमाती पाइलला चिकटून वर येते आणि मागे पोकळी राहते. शेजारची इमारत किंवा गॅसवाहिनी जवळ असेल तर पाइल जमिनीतच सोडण्याचा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकात धरा. काढायचीच असेल तर पोकळी लगोलग ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरण्याची तरतूद नकाशावर लिहून द्या.