एकदम पाच-सहा गेमिंग पीसी बांधताय? या चुका टाळा

एक पीसी असेंबल करताना पार्ट चुकला, तर तो बदलून आणता येतो. सहा पीसींची यादी एकदम मागवली आणि त्यात एक पार्ट चुकला, तर तो सहा वेळा चुकलेला असतो. पहिल्यांदा सहा मशीन बांधली तेव्हा मी सगळं सामान एकाच ऑर्डरमध्ये आणलं होतं. पहिल्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवायला घेतलं, तर ते पुढच्या पंख्यांवर आदळत होतं. कार्डाची लांबी मी पाहिली होती आणि कॅबिनेटची मर्यादाही पाहिली होती. पण ती मर्यादा पुढे पंखे नसतील तेव्हाची होती. सहाही कॅबिनेट परत करावी लागली.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. आधी एकच मशीन पूर्ण बांधायचं, त्यावर आठवडाभर खेळायचं आणि मगच बाकीच्यांची ऑर्डर द्यायची. शितावरून भाताची परीक्षा इथे खरोखर होते, पण सगळी शितं एकाच भाताची हवीत. म्हणून सहाही मशीन एकसारखी ठेवा. जिथे जे स्वस्त मिळेल ते उचललं तर थोडे पैसे वाचतात, पण पुढे एखादं मशीन बिघडलं की तपासायला हाताशी काहीच उरत नाही. एकसारख्या मशीनमध्ये शेजारची रॅम काढून लावली की पाच मिनिटांत दोष सापडतो.

ग्राफिक्स कार्डाच्या नावावर विश्वास ठेवू नका

बजेटचा सर्वात मोठा वाटा इथे जातो आणि सर्वात जास्त फसगतही इथेच होते. एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. जीटी १०३० हे जुनं उदाहरण घ्या. जीडीडीआर५ मेमरीच्या कार्डाची बँडविड्थ (मेमरीतून डेटा वाहण्याचा वेग) सेकंदाला ४८ जीबी आहे, तर डीडीआर४ वाल्याची १६.८ जीबी, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. आरटीएक्स ३०५० मध्येही तसंच आहे. ८ जीबीच्या नेहमीच्या कार्डात २५६० कोअर (हिशोब करणारे छोटे भाग) आणि १२८ बिटची बस (मेमरीकडे जाणारी वाट) असते, ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिटची. वाचणाऱ्याला वाटतं की फरक फक्त २ जीबीचा आहे.

दुसरा सापळा लेनचा, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यात डेटा नेणाऱ्या वाटांचा. आरएक्स ६५०० एक्सटी मदरबोर्डशी फक्त ४ पीसीआयई लेनने बोलतं. पीसीआयई या जोडणीची ४.० आवृत्ती असेल तर निभावतं. ए५२० सारख्या स्वस्त बोर्डावर किंवा रायझेन ५ ५५०० सारख्या प्रोसेसरसोबत पीसीआयई ३.० च मिळतं आणि डेटा ये-जा करायचा वेग निम्मा होतो. त्यात कार्डाची मेमरी बहुतेक ४ जीबीच असते. ती भरली की डेटा मुख्य रॅममधून त्याच अरुंद वाटेने ओढावा लागतो आणि गेम अडखळायला लागतो. स्वस्त बोर्ड, स्वस्त प्रोसेसर आणि स्वस्त कार्ड वेगवेगळे पाहिले तर ठीक असतात, पण तिघं एकत्र आले की पंचाईत होते. म्हणून पार्ट सुटा निवडू नका, जोडी जुळते का ते पाहा.

एसएमपीएसमध्ये काटकसर नको

सहा मशीनमध्ये प्रत्येकी थोडं वाचवायचं म्हटलं की पहिली नजर एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या युनिटवर) जाते, कारण त्याने गेमच्या फ्रेम वाढत नाहीत. माझं मत ठाम आहे: कॅबिनेट साधं घ्या, दिवे सोडा, पण इथे हात आखडू नका. डब्यावरच्या वॉटपेक्षा आतलं लेबल वाचा. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. डब्यावर ५०० वॉट लिहिलंय आणि लेबलवर १२ व्होल्टला २५ अँपिअर, तर तुमच्या कामाचे फक्त ३०० वॉट आहेत. ८० प्लसचा शिक्का म्हणजे वीज किती कमी वाया जाते याचं माप. जास्त भार आला तर एसएमपीएस स्वतःला आणि इतर पार्टांना वाचवेल का, हे तो शिक्का सांगत नाही.

अनेक मशीन बांधणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबल अदलाबदल करू नका. एसएमपीएसच्या बाजूचं टोक दिसायला सारखं असलं तरी आतल्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचाही, वेगळा असतो. चुकीची केबल सहज बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह जळतो. जमिनीवर सहा डबे उघडलेले असताना केबलचे ढीग मिसळतातच. उरलेल्या केबल लगेच पिशवीत घालून त्याच एसएमपीएसचं नाव लिहून ठेवा.

बोर्ड, प्रोसेसर, रॅम

इंटेलच्या नावापुढे एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. रायझेन ५००० मध्ये नावाला जी नसेल तर तिथेही नसतं. ग्राफिक्स कार्ड यायला उशीर झाला, तर असं मशीन डिस्प्लेच दाखवणार नाही. बी४५० सारख्या जुन्या बोर्डावर रायझेन ५००० बसवताना बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट लागू शकतो, तेव्हा प्रोसेसरशिवाय बायोस फ्लॅश करायचं, म्हणजे नव्याने भरायचं बटण असलेला बोर्ड पाहा. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळी असते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे (प्रोसेसर बसतो त्या खाच्याचे) बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे रॅम मागवण्याआधी बोर्डाचं पूर्ण नाव वाचा.

१६ जीबीची एक स्टिक घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. एका स्टिकवर मेमरीची निम्मी वाट बंदच राहते. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात.

जुने पार्ट स्वस्त मिळतात, पण विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत साधारणपणे इंटेलची ८ वी पिढी आणि रायझेन २००० पासून पुढचे प्रोसेसर आहेत. टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूटही (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) लागतं. काही ऑनलाइन गेमचे अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) याशिवाय गेम उघडूच देत नाहीत. जुना चार कोअरचा आय७ घेण्याआधी हे तपासा.

मशीन चालू झालं, पण डिस्प्ले नाही

घाबरून सगळं उकलू नका. आधी बोर्डावरचे छोटे दिवे पाहा. सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (ड्राइव्ह) यांपैकी जो पेटून राहिला, तिथेच घोडं पेंड खातंय. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर पहिल्यांदा रॅमची जुळवणी चालते, स्क्रीन काही मिनिटं काळी राहते आणि त्यात बिघाड काही नसतो. पुरेशी वाट न पाहता बटण दाबून बंद केलंत तर ती जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यानंतरही काही नसेल तर एक स्टिक ठेवून पाहा, मग बायोस रीसेट करा. प्रोसेसरची आठ पिनांची केबल वरच्या कोपऱ्यात लागली आहे का तेही बघा. ती आणि ग्राफिक्सची आठ पिनांची केबल वेगळी असते.

चालतं, पण सहातलं एक हळू आहे

मी या क्रमाने बघतो. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डात घुसली आहे का? बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का? नसेल तर ३२०० ची डीडीआर४ रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वर रेंगाळते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर राहिलाय का? कूलरखालचं प्लास्टिक काढायचं राहिलं असेल तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो. शेवटच्या मशीनला हात थकलेले असतात, तेव्हा हे जास्त घडतं.

खोलीचा भारही मोजा

खेळताना एक मशीन भिंतीतून ३०० वॉट ओढतं असं धरा. मॉनिटरसह सहा मशीन म्हणजे जवळजवळ दोन हजार वॉट, आणि तेवढीच उष्णता खोलीत. एका एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा एक्स्टेन्शन जोडून सगळं एकाच प्लगवर टाकू नका. भार वेगवेगळ्या लाइनवर वाटून घ्या. लाइन किती भार सोसते हे इलेक्ट्रिशियनला विचारा. सहाही मशीन तासभर एकदम खेळवून झाल्यावर प्लग आणि वायरला हात लावून पाहा. कोमट लागले तरी त्या लाइनवरून दोन मशीन कमी करा.