ओपीटीची सुरुवातीची तारीख विचार करून निवडा

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर इंजिनिअरिंग शिकणारे बरेच जण ओपीटीचा (शिक्षणानंतर आपल्या विषयात काम करायची तात्पुरती परवानगी) अर्ज भरताना सुरुवातीची तारीख घाईत टाकून मोकळे होतात. ही तारीख कोर्स संपल्यानंतरच्या ६० दिवसांमधली कोणतीही असू शकते. हातात ऑफर नसेल तर ती पुढची घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण ओपीटी सुरू झाली की बेरोजगारीचे दिवस मोजले जायला लागतात आणि पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांचीच मुभा असते. शनिवार-रविवारही त्यात धरतात. नोकरी शोधताना दोन महिने कसे निघून जातात ते कळतही नाही, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

तारीख पुढची घेतली तरी अर्ज मात्र लवकरच करा. कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधीपासून तो करता येतो. कॉलेजच्या डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणारा अधिकारी) सेविस या सरकारी विद्यार्थी-नोंद प्रणालीमध्ये शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज यूएससीआयएस या इमिग्रेशन विभागाकडे पोहोचायला हवा. उशीर झाला तर अर्ज नाकारला जातो.

आठवड्याला किमान २० तासांचं, आपल्या विषयाशी संबंधित काम असेल तर ते रोजगार धरलं जातं. पहिल्या वर्षात विनावेतन कामही चालतं, त्यामुळे प्रोफेसरांच्या लॅबमध्ये विचारायला संकोच करू नका. पुढच्या २४ महिन्यांच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मुदतवाढीत मात्र पगारी कामच लागतं आणि कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी प्रणालीमध्ये नोंदलेली असावी लागते. मुलाखतीच्या टप्प्यावरच हे विचारून घ्या.