टीव्हीवरच्या गाण्याच्या रिॲलिटी शोच्या ऑडिशनला निघालाय? मग या चुका टाळा, नाहीतर पहिल्याच टेबलावरून घरी

मी गणपती-नवरात्रीच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे गाणारी पोरं येत असतात माझ्याकडे, "दादा, जरा स्केल काढून द्या ना, शनिवारी ऑडिशन आहे" म्हणत. त्यातल्या काहींबरोबर मी स्वतः लाइनीत उभा राहिलोय. एकदा तर पहिली लोकल पकडून अंधेरीला पोचलो तरी पुढे तीन-चारशे डोकी होती, आणि चहावाला सोडला तर कोणाच्याच चेहऱ्यावर हसू नव्हतं. सारख्या त्याच चुका बघून वैताग आला म्हणून लिहितोय.

पहिली चूक डोक्यातली. टीव्हीवर दिसतं ना, दार उघडलं, समोर तीन फेमस जज, ती पहिली फेरी नसतेच. त्याच्या आधी दोन-तीन चाळण्या झालेल्या असतात. आधी नुसतं एक टेबल, त्यामागे म्युझिक टीममधलं कोणीतरी, बाजूला क्रिएटिव्हचं, म्हणजे शोमध्ये काय आणि कसं दाखवायचं ते ठरवणाऱ्या टीमचं, कोणीतरी, आणि तुमच्याकडे जेमतेम अर्धा-एक मिनिट. मग कॅमेऱ्यासमोर गप्पा आणि गाणं. तिथून उरले ते जजसमोर. आणि जजसमोर फक्त चांगलेच जातात असंही नाही. "माझ्यापेक्षा बेसूर पोरगा आत गेला, मी बाहेर, सेटिंग आहे सगळं" असं रडत गोरेगावपासून डोंबिवलीपर्यंत माझं डोकं खाल्लेली पोरं आहेत. अरे, एपिसोडला हसायला पण कोणीतरी लागतं, त्याला त्यासाठी पाठवलंय. तेव्हा तुमचं गाणं ऐकून टीम जरा जास्तच खूश होत असेल, नाचून दाखव म्हणत असेल, तर हुरळून जायच्या आधी दोन मिनिटं विचार करा.

आता टेबलावर लोक कुठे आपटतात ते.

ट्रॅक नसतो, वाद्य नसतं, तुम्ही आणि तुमचा गळा. दोन-तीन तास लाइनीत गप्प उभं राहून पोरं आत जातात आणि घाबरून रोजच्यापेक्षा दोन सूर वर चढवून सुरुवात करतात. मुखडा कसाबसा निघतो, अंतऱ्याच्या वरच्या ओळीला आवाज फाटतो, की झालं, "थँक्यू, नेक्स्ट". याला उपाय साधा आहे. गाण्यातली सगळ्यात वरची ओळ आधी गाऊन बघा, ती आरामात लागते तीच तुमची पट्टी, मग ओरिजिनल पेटीच्या काळी चारमध्ये असो नाहीतर पांढरी दोनमध्ये, कोणी विचारत नाही. आणि फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप ठेवा, दाराबाहेर इयरफोन लावून सा कानात भरून घ्या आणि मगच आत जा. एवढं एक केलं तरी निम्मी पोरं वाचतील, खरंच.

दुसरं म्हणजे लांबलचक आलाप. गुरुजींनी शिकवलाय, छान आहे, पण अर्धं मिनिट आलापातच गेलं तर गाणं ऐकणार कोण? थेट मुखड्याला हात घाला. आणि कृपा करून त्या महिन्यातलं हिट गाणं नेऊ नका, टेबलावरच्या बाईंनी सकाळपासून तेच चाळीस वेळा ऐकलेलं असतं. चार गाणी तयार ठेवा, चार तऱ्हेची, म्हणजे एखादं नाट्यगीत, एखादी लावणी नाहीतर कोळीगीत, एक जुनं हिंदी, एक नवीन. कारण "दुसरं काहीतरी ऐकव" हे वाक्य ऐकलं की पोरांना वाटतं आपलं गाणं आवडलं नाही, आणि तिथेच गळपटतात. उलट आहे हो! आवडलं नसतं तर दुसरं मागितलंच नसतं.

किरकोळ गोष्टी पटापट: लोकलमधून घामेजून थेट एसी हॉलमध्ये गेलात तर घसा बसू शकतो, कोमट पाणी जवळ ठेवा. वयाचा पुरावा ओरिजिनल न्या. आणि "डायरेक्ट स्टुडिओ राउंड करून देतो" म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी असे दिलेत. तो इसम आता फोन उचलत नाही.

यानंतरचा टप्पा मात्र लोकांना कळतच नाही. गाणं पास झालं की क्रिएटिव्हवाले घरचं विचारायला लागतात. बाबा काय करतात, खोली केवढी, गाणं कोणामुळे सुरू झालं. यातूनच तुमची एव्ही बनते, म्हणजे गाण्याआधी दाखवतात ती छोटी फिल्म. इथे काही जण एका शब्दात उत्तरं देतात, तर काही जण सरळ थापा मारतात. आमच्या एकाने बाबा रिक्षा चालवतात असं सांगितलं, बाबा बँकेत. मग युनिट घरी शूटिंगला येतो म्हणाल्यावर धावपळ. थापा मारू नका, पण तुमचं खरं असलेलं नीट रंगवून सांगा, मासळीबाजारात आजीबरोबर बसून गाणं शिकलात तर ते सांगायला लाजू नका.

कारण आत काय चालू असतं, तर नुसते गायक नाही, एक टीम निवडली जात असते. दहा-पंधरा जण, त्यात एखादी शास्त्रीयवाली, एखादा लोकसंगीतवाला, एखादा रॉकवाला, एखादं गावाकडचं गुणी पोर. तुमच्यासारखी शास्त्रीय गाणारी मुलगी आधीच घेतली असेल तर तुम्ही बाहेर, सूर कितीही पक्का असो. या नकाराचा अर्थ "मला गाता येत नाही" असा लावून रियाज बंद केलेली एक मुलगी मला माहितीय, म्हणून जरा जोरात सांगतोय.

काँट्रॅक्ट वाचा. खास करून शो संपल्यावर किती महिने बाहेर कार्यक्रम करता येणार नाहीत ती ओळ. मूल चौदाच्या आतलं असेल तर बालकामगार कायद्याखालचे २०१७ चे नियम आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीला. विचारायला लाज कसली.

आणि आता एलिमिनेशन, ज्यावरून घराघरात भांडणं. इथली चूक स्पर्धकापेक्षा त्याच्या माणसांची जास्त असते. मतं कोणाच्या विरोधात पडत नाहीत, फक्त बाजूने पडतात. त्यामुळे "आपला तर सेफ आहे" असं सगळ्यांना वाटलं की त्या आठवड्यात कोणीच मत देत नाही, आणि जो डळमळीत होता त्याच्यासाठी त्याचं अख्खं गाव जागं असतं. २००४ मध्ये अमेरिकन आयडॉलमधून जेनिफर हडसन सातव्या नंबरवर बाहेर गेली होती, पुढे तिला ऑस्कर मिळालं. आपल्याकडे २००५ च्या फेम गुरुकुलमधून अरिजित सिंग फायनलच्या आधीच घरी गेला. आणि २००७ ला इंडियन आयडॉलमध्ये प्रशांत तमांगसाठी दार्जिलिंगकडच्या लोकांनी कसे एसएमएस केले ते आठवत असेल, तो जिंकला. जजचं कौतुक आणि मतांचा आकडा हे दोन वेगळे हिशोब आहेत, काही शोमध्ये दोन्ही मिळवतात, काहींमध्ये नाही, म्हणून तुमच्या शोचा नियम आधी समजून घ्या. ॲपवर एका अकाउंटवरून किती मतं चालतात, व्होटिंग कधी बंद होतं, एवढं तरी. टेलिकास्टच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर "व्होट करा" टाकणारे काका आमच्याकडे आहेत, तोवर बहुतेक वेळा लाइन बंद.

स्पर्धकाची चूक म्हणाल तर, एकदा जमलेलंच गाणं दर आठवड्याला वेगळ्या कपड्यात गाणं. आणि स्वतःचा नंबर मनात मोजत बसणं. मराठी सारेगमप लिटिल चॅम्प्समध्ये २००९ ला कार्तिकी गायकवाड जिंकली, पण आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित ही नावं कोणी विसरलंय का सांगा.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. बरेचसे एपिसोड आधी शूट होतात आणि तोंड बंद ठेवायची सही घेतलेली असते. आमच्या एरियातला एक पोरगा बाहेर पडून घरी आला होता, पण टीव्हीवर यायला चार दिवस बाकी, आणि मंडळाने नाक्यावर त्याच्याच फोटोचा दहा फुटी फ्लेक्स लावलेला, "आपल्या भावाला भरभरून मतं द्या". चार दिवस तो रोज त्याच फ्लेक्सखाली उभा राहून कटिंग प्यायचा आणि येणारा-जाणारा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, टेन्शन नको घेऊ, आम्ही आहोत.