जोडीदार बाई असली तरी एचपीव्हीची लस: पॉलिसी, पैसे आणि डॉक्टरांशी बोलणं

बाईचे संबंध बाईशीच असतील तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची काळजी नको, असा समज अजून टिकून आहे, कधी कधी डॉक्टरांमध्येही. तो चुकीचा आहे. हा कॅन्सर बहुतेकदा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, आणि तो जननेंद्रियांच्या त्वचेच्या स्पर्शातून, एकमेकींनी वापरलेल्या सेक्स टॉयमधूनही पसरतो. शिवाय अनेकींचा आधी पुरुषाशी संबंध आलेला असतो. लेस्बियन असा वा बायसेक्शुअल, लस तुमच्यासाठीही आहे.

१. आधी पॉलिसी उघडा

आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात हॉस्पिटलात दाखल होण्याच्या खर्चासाठी असतो. लस पडते ओपीडीत. पॉलिसीच्या पीडीएफमध्ये ‘व्हॅक्सिनेशन’ शोधलंत, तर बहुतेकदा ते वगळलेल्या खर्चांच्या यादीतच सापडेल. ओपीडी कव्हर किंवा वेलनेसची सोय असेल तर एचपीव्हीची लस त्यात धरतात का, किती रुपयांपर्यंत, हे कंपनीला ईमेलवर विचारा. फोनवरच्या ‘हो मॅडम’ला क्लेमच्या वेळी काही किंमत नसते.

नोकरी असेल तर एचआरकडे चौकशी करा. काही कंपन्या ऑफिसातच सवलतीत लसीकरण ठेवतात, काहींच्या ग्रुप पॉलिसीत समलिंगी जोडीदाराचं नावही घालता येतं. मात्र तो फॉर्म ऑफिसात कोणाकोणाच्या हातात जातो, हे भरण्याआधी विचारून घ्या.

फ्लोटरचं, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीचं, गणित वेगळं. तिथे जोडीदार म्हणजे बहुतेक ठिकाणी कायदेशीर नवरा किंवा बायको. समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने बँकेत जॉइंट खातं आणि नॉमिनीबाबत अडकाठी नसल्याचं स्पष्ट केलं, पण त्याने फ्लोटरचा प्रश्न सुटत नाही. म्हणून दोघींनी आपापली पॉलिसी काढणं सध्या सोयीचं.

तुम्ही वडिलांच्या पॉलिसीत असाल तर क्लेमचा एसएमएस सहसा त्यांच्याच मोबाइलवर जातो. घरी माहीत नसेल तर धास्ती वाटणारच. पण ही लस सगळ्याच मुलींना देतात. बिलावरून तुमचं नातं कोणाला कळत नाही. तरीही नको वाटलं, तर पैसे स्वतः भरा आणि क्लेम सोडून द्या.

२. लस निवडा

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक या एचपीव्ही लसीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती विषाणूच्या चार प्रकारांवर चालते, गार्डासिल ९ ही दुसरी लस नऊ प्रकारांवर. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्क्यांमागे असलेले १६ आणि १८ हे प्रकार दोन्हींत आहेत. गार्डासिल ९ बरीच महाग पडते. पैशांची ओढाताण असेल तर तिच्यासाठी थांबू नका, सर्वाव्हॅक घ्या.

पंधराव्या वर्षापासून पुढे तीन डोस: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. एखादा लांबला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. सव्विशीनंतर फायदा कमी होत जातो, तेव्हा डॉक्टरांशी बोलून ठरवा. गरोदर असाल तर लस पुढे ढकला.

३. दवाखान्यात

पहिला प्रश्न ठरलेला: ‘लग्न झालंय?’ विचारायचं असतं शरीरसंबंधांबद्दल. लसीसाठी त्याचं उत्तर द्यायलाच हवं असं नाही. ‘नाही. मला एचपीव्हीची लस घ्यायची आहे,’ एवढं पुरे. डॉक्टर म्हणाल्या, ‘मग आत्ता कशाला?’ तर सांगा, ‘संबंध येण्याआधी घेतली तर जास्त उपयोग होतो ना?’ हा मुद्दा त्यांना खोडता येणार नाही. विश्वास वाटला तर जोडीदार बाई आहे हेही सांगा, पुढच्या तपासण्यांना उपयोगी पडतं. लसीआधी पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही चाचणी लागत नाही.

इंजेक्शननंतर पंधरा मिनिटं बसून राहा, काहींना चक्कर येते. क्लेम करायचा असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि लसीचं नाव, बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल तेव्हाच मागा. नंतर मेडिकलवाल्याकडे हेलपाटे होतात.

लस घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करावीच लागते. तिथे ‘तुम्हाला गरज नाही’ म्हणाले, तर डॉक्टर बदला.