क्रोशे पॅटर्न विकायला काढताय? टेस्टिंगमधल्या या चुका टाळा

बाळाचं टोपडं छान झालं, इन्स्टावर सगळ्या विचारायला लागल्या "ताई पॅटर्न मिळेल का", मग एका रात्रीत बसून पीडीएफ केली आणि सकाळी एट्सीवर (हाताने केलेल्या वस्तू विकायची वेबसाइट) चढवली, असं हमखास होतं. टेस्ट केलंय का विचारलं तर उत्तर ठरलेलं, अहो मी स्वतः चार टोपडी विणलीत ना! आता घोळ असा आहे की ती चार टोपडी तुमच्या हातांनी विणली, पीडीएफ वाचून कोणीच विणलं नाही. कुठे टाका वाढवायचा, कुठे दोरा सैल सोडायचा हे बोटांना पाठ असतं आणि जे बोटांना पाठ असतं तेच नेमकं लिहायचं राहून जातं. आईच्या रेसिपीतलं "मीठ अंदाजाने" असतं ना, तसंच.

पहिली चूक म्हणजे आकडे न तपासता टेस्टरकडे, म्हणजे पॅटर्न वाचून विणून बघणारीकडे, पाठवणं. बिचारी लोकर, वेळ सगळं तिचं घालते आणि तुमची बेरीज सुधारत बसते, हे काही बरोबर नाही. अमिगुरुमीचं, म्हणजे क्रोशेच्या छोट्या बाहुल्यांचं, उदाहरण घ्या. २४ टाक्यांच्या फेरीनंतर (३ सिंगल क्रोशे म्हणजे साधे टाके, १ वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन) × ६ केलं की ३० होतात. पण वरची ओळ कॉपी-पेस्ट करताना ३ च्या जागी ४ झाले तर ती फेरी विणायला मुळात ३० टाके लागतात, आणि आपल्याकडे आहेत २४. पेन घेऊन बसा, प्रत्येक फेरीच्या शेवटी कंसात एकूण टाके लिहा, अर्ध्या चुका तिथेच सापडतात. सुरुवातीच्या ३ साखळ्या खांब (उंच टाका) म्हणून मोजायच्या की नाही हे पण एकदाच, सगळ्यात वर, स्पष्ट लिहून टाका. हे नसलं की कोणाची कड आत जाते, कोणाची बाहेर, आणि दोघी म्हणतात पॅटर्न चुकलाय.

मग टेस्टर कोण? बहीण, जाऊबाई आणि क्लासमधली मैत्रीण चालणार नाही, कारण त्या "मस्त झालंय गं" म्हणणार. तीन-चार अनोळखी जणी हव्यात, त्यात एक नवशिकी, एक घट्ट विणणारी आणि जमलं तर एक डावखुरी. रॅव्हलरीवर (विणकाम-क्रोशेवाल्यांची वेबसाइट) टेस्टिंगसाठी वेगळे ग्रुपच आहेत. वेळ मोकळा द्या, टोपड्याला दोन-तीन आठवडे तरी, आणि साईज पाच विकणार असाल तर पाचही साईज कोणीतरी विणल्या पाहिजेत, फक्त मधली विणून बाकीच्या गणिताने काढल्या असं नको.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ही चांगल्या चांगल्या बायका करतात. टेस्टरने व्हॉट्सॅपवर विचारलं, ताई सहाव्या ओळीत अडकले, की लगेच व्हॉइस नोट, फोटो, वाटलंच तर व्हिडिओ कॉल. तिचं टोपडं पूर्ण होतं, ग्रुपवर हार्ट पडतात आणि सहावी ओळ पीडीएफमध्ये तशीच राहते!! विकत घेणारीकडे तुमचा नंबर नसणार आहे. म्हणून प्रश्न आला की आधी ते वाक्य बदला, बदललेलं पान पाठवा, आणि तेवढ्यावर तिला जमतंय का ते बघा. शेवटी "आवडलं का" विचारून उपयोग नाही. कोणती सुई, किती ग्रॅम लोकर लागली, १० सेंमीत किती टाके, तयार माप किती आणि दुसऱ्यांदा कुठे वाचावं लागलं, हे विचारा.

१० सेंमीचा सॅम्पल लोकांना कंटाळवाणा वाटतो, मान्य, पण ६४ टाक्यांचं टोपडं १६ टाक्यांच्या गेजने (म्हणजे १० सेंमीत १६ टाके) ४० सेंमी येतं आणि १८ च्या गेजने साडेपस्तीस. सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं साधारण ४२-४३ सेंमी असतं, तेव्हा पहिलं छान ताणून बसेल आणि दुसरं कपाळावर वळ उठवेल. लोकरीचं पण तसंच, "एक गुंडा" लिहू नका, आपल्याकडच्या कित्येक गुंड्यांवर मीटर छापलेलेच नसतात. १०० ग्रॅमला २०० मीटर असेल आणि ३५ ग्रॅम लागली तर ७० मीटर, वर दहा टक्के धरून ७७ लिहा. आणि अमेरिकन पद्धत की ब्रिटिश ते पहिल्या पानावर टाका, कारण अमेरिकेतलं सिंगल क्रोशे ते ब्रिटनमधलं डबल क्रोशे, आणि गिऱ्हाईक दोन्हीकडचं असतं.

टेस्टरच्या तक्रारीवरून चूक कुठेय ते बऱ्याचदा कळतं. गोल सपाट राहायच्या ऐवजी वाटीसारखा होतोय तर वाढ कमी पडतेय, झालर येतेय तर वाढ जास्त होतेय. सिंगल क्रोशेला दर फेरीत साधारण ६ आणि अमेरिकन डबलला १२ वाढतात. पण एकटीचंच होत असेल तर आधी तिचे टाके मोजायला सांगा. बाहुली सगळ्यांची बरोबर आणि एकीचीच लहान आली तर ती दोरा सुईवरून घेते की सुईखालून ते विचारा, खालून घेतला की टाका फुलीसारखा दिसतो आणि घट्ट बसतो. डोळे तिरके लागले तर मात्र चूक तुमची असू शकते, सलग गोल विणताना टाके हळूहळू सरकतात, त्यामुळे "फेरी १२, टाका ८ वर डोळा" लिहून भागत नाही, दोन डोळ्यांमध्ये किती टाके सोडायचे ते सांगा आणि समोरून काढलेला फोटो द्या.

दुरुस्त्या झाल्या की पीडीएफवर तारीख टाका. "फायनल", "फायनल २" आणि "खरंच फायनल" यातली चुकीची फाईल चढते, फार जणींचं होतं हे, म्हणून चढवल्यावर स्वतः डाउनलोड करून फोनवर उघडून बघा, बहुतेक जणी तिथेच वाचत विणणार आहेत आणि तीन कॉलमचा तक्ता फोनवर दिसत नाही.