समुद्री कयाक घेताना मालकांना विचारताय? मग या चुका टाळा

नाशिकला समुद्र नाही, पण समुद्री कयाक, म्हणजे दुहेरी वल्ह्यानं चालवायची अरुंद लांबट होडी, घ्यायची हौस दर दिवाळीनंतर कुणाला ना कुणाला होतेच. पाऊस संपलेला असतो, गंगापूर धरण भरलेलं असतं, दोन-तीन रविवार पाण्यावर जाऊन झालेले असतात. मग फोन येतो : "अमक्यानं ही कयाक घेतलीय, म्हणतो एक नंबर आहे. घेऊन टाकू का?" अमक्याचं वजन किती, तो कुठे चालवतो, किती दिवस चालवतोय, यातलं काहीही विचारलेलं नसतं. मालकाचं मत दुकानदाराच्या मतापेक्षा केव्हाही बरं. फक्त ते त्याच्या अंगाचं आणि त्याच्या पाण्याचं मत असतं, आणि नेमकं तेवढंच कुणी तपासत नाही.

धरणावरचं मत समुद्रात नेणं

यावर जास्त लिहितो, कारण जिवाशी खेळ इथेच होतो.

धरणावर सगळ्यांना आवडते ती कयाक साधारण नऊ ते बारा फुटांची, रुंद, सपाट बुडाची, ऐसपैस बसता येईल अशी. तिचा मालक खोटं बोलत नाही. सकाळच्या शांत पाण्यात दोन तास फिरायला ती खरंच छान. समुद्री कयाकची जातच वेगळी. लांबी साधारण १४ ते १८ फूट, रुंदी २० ते २४ इंच, आणि बसायच्या जागेच्या पुढे-मागे आडव्या बंद भिंती, म्हणजे बल्कहेड. पाणी शिरलं तरी मधल्या भागातच राहतं, दोन्ही टोकं हवेवर तरंगतात. छोट्या कयाकला बहुतेकदा मागेच एक भिंत असते, काहींना तीही नसते.

माझ्या एका मित्रानं धरणावरच्या चार मालकांना विचारून अशीच एक दहा फुटी घेतली. चौघं खूश, म्हणून हाही खूश. डिसेंबरात जव्हारमार्गे केळव्याच्या समुद्रावर जायचं ठरलं. मी म्हटलं, पुढच्या टोकात हवेच्या पिशव्या तरी कोंब. "अरे, चौघांपैकी कुणीच लावलेल्या नाहीत." चौघांपैकी कुणी समुद्रात गेलेलंही नाही, असं मी म्हणालो, पण तोवर त्यानं गाडीतली गाणी मोठी केली होती.

सकाळी समुद्र सपाट. मतलई वारा पाठीवर, वल्हं नुसतं टेकवलं तरी कयाक पळते. नवख्याला वाटतं, आपल्याला जमलं. तो वारा आपल्याला किनाऱ्यापासून लांब नेतोय हे लक्षात येत नाही. दुपारकडे खारा वारा सुरू झाला, पाणी खवळलं, आणि परतताना किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटेत त्याची नाळ, म्हणजे कयाकचं पुढचं टोक, घुसली. एक लाट मांडीवर, दुसरी थेट आत. पुढे भिंत नसल्यानं पाणी टोकापर्यंत गेलं. कयाक उलटलीसुद्धा नाही, नुसती भरली. अशा कयाकमध्ये दीड-दोनशे लिटर पाणी सहज मावतं, म्हणजे दीड-दोनशे किलो वजन. एरवी पाण्यात पडलेल्याची कयाक दुसऱ्यानं आपल्या कयाकवर आडवी ओढायची, उलटी करून पाणी ओतायचं आणि त्याला परत बसवायचं, ही रीत. इथे नाळच पाण्यानं भरलेली, ती उचलणार कशी?

त्याच्या अंगात लाइफ जाकीट होतं, पाणी उथळ होतं आणि लाटा किनाऱ्याकडेच ढकलत होत्या, म्हणून थोड्या वेळात कंबरभर पाण्यात पाय टेकले. तिघांनी ओढून ती हलेना. शेवटी डबड्यानं पाणी उपसलं. वाळूवर जाळं आवरत बसलेले एक काका हे सगळं बघत होते. म्हणाले, "पुढं पोकळच ठेवलीय का हो?"

मी मालकाला 'कशी आहे?' हा प्रश्न विचारतच नाही. समुद्रात कुठे नेली, वारा किती होता, शेवटची कधी उलटली, एवढं विचारतो. 'कधीच उलटली नाही' असं उत्तर आलं की चहा पिऊन निघतो. आणि छोटी कयाक आधीच घेऊन बसला असाल, तर दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या बांधा आणि धरणावरच खूश राहा.

मालकाचं वजन न विचारणं

ग्रीनलंडचे इनुइट लोक कयाक स्वतःच्या अंगाच्या मापानं बांधत. लांबी साधारण तीन वाव, रुंदी कमरेपेक्षा दोन मुठी जास्त, असं त्यांचं माप सांगतात. आपण मात्र ९० किलोच्या ट्रेकरनं नावाजलेली कयाक ५५ किलोच्या माणसासाठी घेतो. मोठ्या पोटाची कयाक हलक्या माणसाखाली पाण्याच्या फार वर तरंगते आणि वाऱ्यानं भरकटते. शिवाय गुडघे वरच्या आधारांपर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे कयाक कमरेनं कलवता येत नाही, उलटल्यावर आत बसूनच रोल करून सरळ करणं तर दूरच. उलट, जड माणूस छोट्या कयाकमध्ये बसला की डेकवर सतत पाणी आणि दर लाटेला आंघोळ.

आमच्यातल्या एका सडपातळ मुलीनं अशीच मोठी कयाक घेतली आणि वर्षभर स्वतःलाच नावं ठेवत राहिली. दोष फक्त मापाचा होता. कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि गुडघ्यांवर फोमचे तुकडे चिकटवल्यावर फरक पडला. मी त्यासाठी पाणी न पिणारी जुनी योगा मॅट कापून वापरतो, बाजारातला महागडा संच कधी आणला नाही. पण फोमनं कयाक अंगाला बसते, तिचं पोट कमी होत नाही. वाऱ्यात ती अजूनही भरकटते.

मालक भेटला की त्याचं वजन, उंची आणि बुटाचा नंबर विचारा. हसेल, हसू दे. मोठ्या पावलांना पुढे जागाच पुरत नाही, हे लोकांना पैसे दिल्यावर कळतं.

पहिल्या दहा मिनिटांत निकाल लावणं

"डगमगते हो!" हा शेरा मला अजिबात ऐकवत नाही. सपाट बुडाची कयाक सपाट पाण्यात स्थिर वाटते, पण लाट तिरकी आली की लाटेच्या उताराबरोबर तीही तिरकी होते. गोलसर बुडाची अरुंद कयाक सुरुवातीला थरथरते, मग कडेवर कलली की तिथे टिकून राहते. हे कळायला काही तास बसावं लागतं. मिसळ खायच्या आधी एक चक्कर मारून कयाक ठरवणाऱ्यांनी मिसळच खावी. महिन्याभरापूर्वी घेतलेल्यांच्या कौतुकाचंही तेच, पैसे नुकतेच गेलेले असतात. दोन-तीन हंगाम वापरून विकायला काढणारा माणूस शोधा, का विकतोय ते विचारा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

सुकाणू की स्केग (मागे बुडाखाली दांडी आणि वायरनं खाली-वर करायचं पातं), यावर मालकांची भांडणं ऐकत बसू नका. वाऱ्यात कयाकचं तोंड वाऱ्याकडे वळतं, दोन्ही त्यावरचेच इलाज आहेत. वाळूवरून पाण्यात ढकलताना स्केगच्या खाचेत खडा अडकला तर दांडी जोर लावून ओढू नका, वायर मुडपते. स्केगला बारीक भोक पाडून दोरीचा फासा बांधून ठेवा, मागचा माणूस हातानं ओढून काढतो.

बल्कहेडमधलं टाचणीएवढं भोक 'गळती' समजून सिलिकॉननं बुजवणारे मी पाहिलेत. आतली हवा उन्हानं फुगते, तिला वाट असावी म्हणून कितीतरी कयाकना ते मुद्दाम ठेवलेलं असतं. बुजवलं की भिंतीच्या सांध्यावर ताण.

गच्चीवर एप्रिल-मेच्या उन्हात प्लास्टिकची कयाक पोटावर ठेवली की बुडाला पोचा येतो. कुशीवर ठेवा, नाहीतर रुंद पट्ट्यांवर टांगा, आणि सावलीत. पोचा आलाच असेल तर वजन काढून उन्हात ठेवा, कोमट पाणी ओता, बराचसा भरून येतो. घाईघाईत हीट गन लावणाऱ्यांची कयाक वितळलेली पाहिलीय.

सोसायटीच्या लिफ्टमध्ये १६ फूट मावत नाहीत. जिना आधी मोजा.

सगळे पैसे कयाकवर घालवून जाकीट, स्प्रे स्कर्ट (आत पाणी येऊ नये म्हणून बसायच्या जागेवर ताणायचं कापड) आणि पाणी उपसायचा पंप 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांना मी सोबत नेत नाही.

आणि गाडीच्या टपावर बांधताना ट्रकवाल्यांचा रॅचेट पट्टा वापरू नका. दोन कड-कड जास्त झाल्या की बूड दबतं. साधा बकलचा पट्टा हातानं आवळा. नाळ आणि मागचं टोक वेगळ्या दोरीनं गाडीला बांधा. कसारा घाटात आडवा वारा लागतो, तेव्हा पट्ट्यांपेक्षा या दोन दोऱ्याच कयाक धरून ठेवतात. घाट उतरल्यावर गाडी थांबवून त्या एकदा हातानं ओढून बघा, बहुतेक वेळा एक तरी सैल झालेली असते.